तीन मालक पाहिलेला हेडफोन : एकेजी के-२४० स्टुडिओ

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. एकेजीचा के-२४० स्टुडिओ आजही घेण्यासारखा आहे. आवाजाचं एडिटिंग करणाऱ्याला, रात्री घरात निवांत गाणं ऐकणाऱ्याला, आणि खिसा बेताचा असलेल्या कुणालाही मी हाच सुचवतो. पाचपैकी चार गुण. ज्याला डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यासारखा बेस छातीत हवा असतो, त्याने पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नयेत. त्याच्यासाठी बाजारात भरपूर माल आहे.

बाकीच्यांनी थांबा, कारण हल्ली मला या हेडफोनबद्दल जो प्रश्न विचारतात तो आवाजाबद्दल नसतोच. सदाशिव पेठेत माझी दोन खोल्यांची रेकॉर्डिंगची जागा आहे. ऑडिओबुकं, अभंग, अधूनमधून नाट्यसंगीत, आणि निवडणुका लागल्या की प्रचाराच्या रिक्षेवर वाजणारी गाणी. (हसू नका, रोख आणि वेळेवर पैसे तेवढेच लोक देतात.) माझ्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाने खुंटीवरचा के-२४० पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाला, "दादा, हे सॅमसंगचं एकेजी ना? मोबाइलच्या डब्यात यायचे ते?" त्याच खोलीत त्याच कंपनीचा सी-४१४ माइक स्टँडवर उभा होता, ज्याच्यासमोर गायला मिळालं तर जुने गायक जरा ताठ बसतात. मुलाचं काही चुकलेलं नव्हतं. त्याच्या पिढीला ही तीन अक्षरं कळली ती फोनच्या मागच्या बाजूवरून. आणि पुढचा प्रश्न त्याने विचारला तो सगळेच विचारतात: "मग आता घ्यावं का? कंपनी विकली गेली म्हणतात."

तर या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीने देतो. हेडफोनचं परीक्षण त्यातच येईल.

आधी कंपनी. १९४७ साली व्हिएन्नामध्ये रुडॉल्फ ग्योरिके हा भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्न्स्ट प्लेस हा इंजिनियर या दोघांनी ती सुरू केली. युद्ध संपून दोन वर्षं झालेली, शहर चार विजेत्या देशांच्या सैन्यांनी वाटून घेतलेलं. सिनेमाघरांना यंत्रं आणि लाऊडस्पीकर पुरवणं हा सुरुवातीचा धंदा. नावातली तीन अक्षरं ध्वनी आणि सिनेमाच्या उपकरणांवरूनच आली आहेत. तिथून ते माइककडे वळले. १९५३ चा सी-१२ हा माइक आणि त्यातली सीके-१२ ही कॅप्सूल (माइकमधला आवाज पकडणारा गाभा) म्हणजे या धंद्यातलं दैवत. आज जगभरचे लोक त्या कॅप्सूलची नक्कल करून माइक विकतात आणि जाहिरातीत तसं अभिमानाने सांगतात. पुढे सी-४१४ आला. आपल्याकडे हार्मोनियम, तबल्याची जोडी, गायक, सगळ्यांसमोर तो चालतो. अंड्याच्या आकाराचा डी-११२ मुळात ड्रमच्या मोठ्या पिंपासाठी केलेला, पण ढोलकीच्या डाव्या, जाड आवाजाच्या तोंडाला लावून बघा, काय गोड वाजतो.

के-२४० हा त्याच घरातला. सत्तरच्या दशकात आला तेव्हा त्याच्या प्रत्येक कपात मुख्य ड्रायव्हरभोवती, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरभोवती, सहा छोट्या, स्वतः न चालणाऱ्या चकत्या बसवलेल्या होत्या. हवेच्या दाबाने त्या हलायच्या आणि खालच्या सुरांना आधार द्यायच्या. म्हणून त्याला 'सेक्स्टेट' म्हणायचे. नंतर त्या चकत्या गेल्या, मॉनिटर नावाची आवृत्ती आली, मग आताची स्टुडिओ. बाहेरून सगळे एकाच आईची मुलं वाटतात: गोल काळे कप, डोक्यावरून जाणाऱ्या दोन बारीक कमानी, आणि त्यांच्याखाली लवचीक दोऱ्यांनी ताणलेला एक पट्टा जो डोक्यावर ठेवला की आपोआप मापाला बसतो. काहीही सरकवायचं नाही, खटके मोजायचे नाहीत. पन्नास वर्षं होत आली, याहून साधी रचना मी पाहिलेली नाही.

माझ्याकडे यातले दोन आहेत. एक जुना के-२४० मॉनिटर, कपावर 'मेड इन ऑस्ट्रिया' असं कोरलेला. मुंबईत ताडदेवच्या बाजूला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा सामानाच्या ढिगातून मिळाला. दुसरा आताचा के-२४० स्टुडिओ, चीनमध्ये बनलेला, खोक्यासकट नवा घेतलेला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात म्हणून हे लिहितोय. नुसत्या आठवणीवर आवाजाबद्दल बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. पूर्वी सगळं कसं छान होतं हे सांगायला कानांची गरज नसते.

जुना सहाशे ओमचा. ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जास्त असला की हेडफोन वाजवायला जास्त जोर लागतो. लॅपटॉपला लावला तर शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावलाय इतकाच आवाज येतो. त्याला नीट हेडफोन अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारी पेटी, लागते. ती मिळाली की मधले सूर, म्हणजे माणसाचा गळा, हार्मोनियम, सारंगी, अशा काही मोकळेपणाने समोर येतात की तासन्‌तास काढावासा वाटत नाही. नवा पंचावन्न ओमचा, तीस मिलिमीटरचा ड्रायव्हर. साध्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) मजेत चालतो. फोनवरही चालतो, फक्त फोनचा आवाज बराच वर न्यावा लागतो. नव्यातला पडदा मध्यभागी जाड आणि कडेला पातळ अशा पद्धतीचा आहे, कंपनी त्याला व्हॅरिमोशन म्हणते. त्याचा परिणाम म्हणा किंवा आणखी कशाचा, नव्याला खालचा आणि वरचा, दोन्हीकडचा सूर जुन्यापेक्षा जास्त आहे. मधला थोडा मागे गेलाय. जुना मला जास्त आवडतो. पण कामासाठी हात जातो नव्याकडे, कारण त्याच्यात चुका जास्त ऐकू येतात.

म्हणजे काय ते सांगतो. ऑडिओबुकच्या एडिटिंगमध्ये दिवसभर आम्ही तोंडातले आवाज काढत असतो. ओठ सुटल्याचा टचका, घोट गिळल्याचा आवाज, खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याची खसखस. मराठीत भर म्हणून दोन च. 'चमचा' मधला दातांवरचा च माइकमध्ये सुईसारखा येतो, 'चिमणी' मधला त्या मानाने मऊ. वाचणारा माणूस माइकच्या फार जवळ असेल तर पहिला च कानाला बोचतो, दुसरा नाही. हा फरक नवा के-२४० स्पष्ट दाखवतो आणि कुठे किती कापायचं ते कळतं. तानपुऱ्याची जवारी त्याच्यात छान मोकळी वाटते, कारण कप अर्धवट उघडे आहेत आणि आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा होत नाही. तबल्यात मात्र उजवा जिंकतो, डावा हरतो. बायाँची घुमारी आहे हे कळतं, पण तिचं पोट कळत नाही. बेसचा अंतिम निर्णय मी या हेडफोनवर कधी घेत नाही, स्पीकर लावतो.

गायकाला गाताना द्यायला हा चालत नाही. अर्धवट उघडा असल्याने क्लिक आणि ट्रॅक बाहेर गळतो आणि समोरच्या माइकमध्ये शिरतो. हळू आवाजातला अभंग असेल तर मागे मेट्रोनोमची टिकटिक ऐकू येते. त्या कामाला बंद कपाचाच हेडफोन लागतो. आणि एप्रिल-मे मध्ये पुण्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करताना त्याच्या रेक्झिनच्या गाद्या कानाभोवती घामाने चिकटतात. थोरला भाऊ के-२४० एमके-टू म्हणून मिळतो, त्याच्यासोबत मखमली गाद्या आणि एक जादा केबल येते. उन्हाळ्यात काम करणाऱ्याने फरकाचे पैसे बिनधास्त द्यावेत.

वजन दोनशे चाळीस ग्रॅम. डोक्यावर आहे हे विसरायला होतं. चहा आणायला उठलो आणि केबलने टेबलावरचं सगळं ओढून नेलं, हे प्रत्येक रेकॉर्डिस्टच्या आयुष्यात घडतं. इथे केबल एकाच बाजूला, डाव्या कपात, तीन पिनांच्या मिनी एक्सएलआर जोडाने बसते. खटका दाबला की सुटते. उजव्या कपाला आवाज त्या कमानींतूनच जातो. ही छोटीशी गोष्ट मी नंतर पुन्हा काढणार आहे.

आता विकण्याखरेदीकडे येऊ. लोक म्हणतात, सॅमसंगने घेतलं आणि एकेजीची वाट लागली. ऐकायला सोपं आहे, पण तारखा तसं सांगत नाहीत. १९९४ साली एकेजी अमेरिकेच्या हरमन कंपनीकडे गेली. हरमनकडे तेव्हा स्पीकर बनवणारी जेबीएल होतीच, ती त्यांनी १९६९ मध्येच घेतलेली. आता बघा, विकली गेल्यावर दहाएक वर्षांनी, २००५ मध्ये, व्हिएन्नातून के-७०१ आला. पांढरा, सुंदर, आणि अजूनही लोक ज्याच्या मोकळ्या आवाजाबद्दल वाद घालतात असा. (त्याच्या डोक्यावरच्या पट्ट्याला खाली उंचवटे होते, ते टाळूला टोचायचे म्हणून अर्ध्या जगाने शिव्या घातल्या, ते वेगळं.) म्हणजे कागदावर सही झाली त्या दिवशी काही मेलं नव्हतं. मालक अमेरिकेत होता, पण हेडफोन कसा वाजायला हवा हे ठरवणारी माणसं त्याच शहरात, त्याच इमारतीत बसत होती.

बदल झाला तो हळूहळू. आधी स्वस्त मॉडेलं चीनला गेली, मग महागडी. हे सगळं सॅमसंग दारात यायच्या आधीच सुरू होतं. २०१६ च्या नोव्हेंबरात सॅमसंगने हरमन घेत असल्याचं जाहीर केलं, किंमत आठ अब्ज डॉलर, आणि मार्च २०१७ मध्ये व्यवहार पुरा झाला. त्याच वर्षी एकेजीचं व्हिएन्नाचं ठिकाण बंद झालं. सत्तर वर्षांची कंपनी, आणि तिच्या गावात तिचं ऑफिस उरलं नाही.

सॅमसंगने तेव्हा स्वतःच सांगितलेला एक आकडा मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. हरमनची वर्षाची विक्री सात अब्ज डॉलर, आणि त्यातला सुमारे पासष्ट टक्के धंदा मोटारींशी संबंधित. मोटारीतले पडदे, मोटारीतले स्पीकर, मोटारीला इंटरनेटशी जोडणारी यंत्रणा. खरेदी झाली ती या पासष्ट टक्क्यांसाठी. लग्नात नवरीबरोबर माहेरची जुनी हार्मोनियमही यावी, तशी एकेजी त्यात आली. त्या आठ अब्जांच्या हिशोबात के-२४० ची किंमत किती धरली असेल? कुणी धरलीच नसेल.

आणि माझं म्हणणं असं आहे की के-२४० वाचला तो यामुळेच. त्याच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. नव्या मालकाला ज्या वस्तूत रस असतो तिच्यात तो हात घालतो: ब्लूटूथ टाक, ॲप काढ, गाद्या बारीक कर, बॅटरी आतच बंद कर. ज्या वस्तूत रस नसतो ती जुन्या साच्यातून, जुन्या नकाशावरून तशीच निघत राहते, कारण साच्याचे पैसे कधीच वसूल झालेले असतात आणि संगीतशाळा, रेडिओ, छोटे स्टुडिओ दर वर्षी थोडी थोडी ती घेत असतात. कॉर्पोरेट दुर्लक्षासारखी देखभाल नाही. चीनमध्ये बनतो म्हणून वाईट, हे मला मान्य नाही. माझ्या नव्यात जोडणी नीट आहे, दोन्ही कानांचा आवाज जुळलेला आहे. जुन्याच्या प्लॅस्टिकला जे वजन आणि घट्टपणा आहे तो नव्यात नाही, एवढं खरं. नवा हातात घेतला की थोडा पोकळ वाटतो, डोक्यावर ठेवला की वाटत नाही.

नावाचं मात्र वेगळं झालं. ते कुणी दुर्लक्षित ठेवलं नाही. २०१७ च्या गॅलॅक्सी एस-एटच्या डब्यात 'ट्यून्ड बाय एकेजी' लिहिलेले इयरफोन आले. ते बरे होते, डब्यात फुकट येणाऱ्या इयरफोनांत तर फारच बरे. पण मग पुणे स्टेशनबाहेर, दादरच्या पुलाखाली, लोकलच्या डब्यात, जिथे जाल तिथे त्यांच्या नकला लटकायला लागल्या. घासाघीस करून शंभर रुपयांत दोन. सी-१२ च्या बाजूला जी अक्षरं बघून इंजिनियर हात धुऊन माइक उचलायचे, तीच अक्षरं प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार्जरच्या केबलींशेजारी. नकला करणाऱ्यांना मी दोष देत नाही, ते नेहमीच सगळ्यात ओळखीचं नाव उचलतात. पण नाव कुठल्या वस्तूमुळे ओळखीचं झालं, हे त्यावरून कळतं.

जुन्या नावाने आलेला नवा माल मी त्यामुळे एका अनोळखी कंपनीचा म्हणून ऐकतो. चांगलाही निघतो. के-३७१ घ्या. २०१९ चा, बंद कपांचा, घडी होणारा. त्याच्यात व्हिएन्नाचं काही शोधू नका, त्याच्यामागे हरमनचं अमेरिकेतलं संशोधन आहे. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या, धंद्यातल्या आणि बाहेरच्या माणसांना कुठला आहे ते कळू न देता हेडफोन ऐकवले, कुठला आवाज बहुतेकांना आवडतो ते मोजलं, आणि त्यावरून एक आलेख बांधला. त्याला हरमन टार्गेट म्हणतात. के-३७१ त्या आलेखाला खूप जवळून धरून आहे. कानाला लावताक्षणी सगळं जागच्या जागी वाटतं, बायाँचं पोटसुद्धा. असं संशोधन करायला प्रयोगशाळा लागते, माणसं लागतात, आणि त्याला मोठी कंपनीच लागते. व्हिएन्नातल्या छोट्या कंपनीने हे एकटीने केलं असतं असं मला वाटत नाही. फक्त चष्मेवाल्यांनी बंद कपांचा कुठलाही हेडफोन आधी लावून बघावा. काडीमुळे गादीला फट पडते आणि सगळा बेस तिथून निघून जातो.

व्हिएन्नातली माणसं कुठे गेली? घरी नाही बसली. ठिकाण बंद झालं त्याच २०१७ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मिळून तिथेच ऑस्ट्रियन ऑडिओ नावाची कंपनी काढली. पहिला मोठा माइक काढला ओसी-८१८, आणि त्यातल्या कॅप्सूलचं नाव ठेवलं सीकेआर-१२. शेपटीचे आकडे बघा म्हणजे कुणाकडे बोट आहे ते कळेल. पितळेच्या जागी चिनीमातीची चौकट केली. मी तो माइक एका मित्राच्या स्टुडिओत एका गायिकेवर ऐकलाय. नवा असून ओळखीचा वाटला. त्यांचा हाय-एक्स-५५ हा हेडफोनही मी वापरून पाहिला: बंद कप, धातूच्या बिजागऱ्या, ठाम आवाज, एडिटिंगला उत्तम. पण के-२४० च्या कित्येक पट किंमत. एकेजीची परंपरा हवी असेल तर ती तिकडे आहे, आणि तिची किंमत ही आहे. माझ्यासारख्याच्या हिशोबात ती बसत नाही, अजून तरी.

आता ती केबल आणि मिनी एक्सएलआरची गोष्ट. मालक बदलल्यावर आवाज बिघडतो ही सगळ्यांची भीती. माझा अनुभव असा की आधी सुटे भाग बंद होतात. मागे माझ्या टेबलावर एका नावाजलेल्या कंपनीचे मॉनिटर स्पीकर होते, नाव घेत नाही. एकाचा अँप जळला. तोवर कंपनी दोनदा विकली गेली होती. सर्व्हिस सेंटरने आधी बिल मागितलं, मग सिरियल नंबर, मग कळवलं की त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नव्या जोडीवर सूट देऊ. स्पीकरचा कोन चांगला, खोकं चांगलं, आणि एका बोर्डासाठी जोडी निकामी. त्यानंतर मी काहीही घेताना कुणाच्या मालकीचं आहे हे विचारत नाही. मोडलं तर तपकीर गल्लीत, म्हणजे आमच्या पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुरुस्त होईल का, एवढंच विचारतो.

के-२४० होतो. केबल तुटली तर तीन पिनांच्या मिनी एक्सएलआरची हेडफोनची केबल चालते, ती दुसऱ्या कंपन्याही बनवतात. जोड सैल झाला तर तपकीर गल्लीतला जो कुणी नीट डाग देतो तो तुमच्यासमोर बदलून देतो. गाद्या फिरवून निघतात, नव्या बाहेरच्याही मिळतात. पट्ट्याच्या दोऱ्या काही वर्षांनी सैल पडतात आणि कप कानाखाली लोंबायला लागतात. त्याला माझ्या मदतनिसाने साध्या लवचीक दोरीचा उपाय केलाय, दिसायला गबाळा पण पक्का. कमानीतली तार तुटली तर जरा खटाटोप आहे, पण तोही डाग देण्याचाच प्रकार. आत बॅटरी नाही, चिप नाही, ॲप नाही. उद्या सॅमसंगने हा धंदा आणखी कुणाला विकला तरी माझ्या खुंटीवरच्या हेडफोनला त्याची बातमी कळणार नाही.

हाच नियम लावून बाकीच्यांकडे बघता येतं. सेनहायझरने घरगुती हेडफोनांचा धंदा सोनोव्हा या स्वित्झर्लंडच्या कंपनीला दिला, मार्च २०२२ पासून. सोनोव्हाचा मूळ धंदा कानाची यंत्रं. लोक घाबरले. १९९७ पासून चालत आलेला एचडी-६०० मात्र तसाच मिळतोय, गादीपासून केबलपर्यंत सगळं हाताने सुटं होतं, सगळं वेगळं विकत मिळतं. म्हणून तो अजूनही डोळे मिटून घ्यावा. त्यांचे बिनतारी इयरबड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, आणि ते सोनोव्हामुळे नाही, बिनतारी कुणाचेही घेतले तरी बॅटरीबरोबर त्यांचं आयुष्य संपतं.

सगळ्यात गमतीची गोष्ट बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ आणि पोक या स्पीकर आणि अँप बनवणाऱ्या नावांची. २०२२ मध्ये ही सगळी नावं एका झटक्यात मॅसिमो नावाच्या कंपनीकडे गेली. मॅसिमो काय बनवते? बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात ती यंत्रं, इस्पितळांसाठी. कोविडमध्ये घरोघरी पोहोचलेल्या त्या चिमट्यांचे थोरले भाऊ. एक अब्ज डॉलरहून जास्त दिले. खरेदीची बातमी आली त्या दिवशी मॅसिमोच्या शेअरने एक तृतीयांशाहून जास्त आपटी खाल्ली, म्हणजे भागधारकांनाही कळेना की पल्स ऑक्सिमीटर आणि लाखालाखाचे स्पीकर यांचा संबंध काय. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, तो सगळा बाडबिस्तरा पस्तीस कोटी डॉलरला विकला गेला. कुणाला? हरमनला. म्हणजे शेवटी सॅमसंगलाच. तेव्हा तुमच्या घरी मरांट्झचा अँप, डेनॉनचा रिसिव्हर, बॉवर्सचे स्पीकर आणि एकेजीचा हेडफोन असेल, आणि तुम्ही चार वेगवेगळ्या घराण्यांचं ऐकताय असं समजत असाल, तर पाकीट एकाच दारात पोहोचतं.

याने लगेच काही बिघडेल असं मी म्हणत नाही. बॉवर्सची माणसं इंग्लंडमध्ये आपल्या टेबलाशी बसून आहेत तोवर मी स्पीकर ऐकून ठरवीन. ते टेबल हलवल्याची बातमी आली की जुना साठा शोधायला लागेन.

के-२४० घेणार असाल तर दोन गोष्टी. नावावर भाळून अनोळखी विक्रेत्याकडून फार स्वस्तात घेऊ नका, या अक्षरांच्या नकला किती फिरतात ते वर सांगितलंच आहे. दुकानात खोकं उघडायला लावा. आत तीन मीटरची सरळ केबल आणि मोठ्या जॅकचा स्क्रूने बसणारा अडॅप्टर असायला हवा. आणि डोक्यावर पाच मिनिटं तरी ठेवून बघा. डोकं मोठं असेल तर तो ताणलेला पट्टा कपांना वर खेचत राहतो आणि कानाच्या पाळीवर दाब येतो. माझ्या मेहुण्याला त्याच कारणाने जमला नाही, तो के-३७१ घेऊन गेला आणि खूश आहे.